उइटहॉर्नची बाळंतीण

"बाथरूमच्या फरशीला उतार आहे का?" हा प्रश्न मी डच घरमालकांना जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा माझ्या नवऱ्याला 'जेवलास का' असंही विचारलं नसेल. घरमालक बुचकळ्यात पडत. उतार कशाला? मी सांगायची, माझी माणसं बादलीत पाणी घेऊन अंघोळ करतात, पाणी सगळीकडे जातं. शॉवर आहे ना, असं ते म्हणत. मी म्हणायची, आहे, छान आहे, पण उतार आहे का?

ही माझी नोकरी होती. वीसेक वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मंडळी भराभर हॉलंडात येऊ लागली. त्यांना विमानतळावर उतरवून घ्यायचं, घर शोधून द्यायचं, नगरपालिकेत नोंद, बँकेचं खातं, डॉक्टर, मुलांची शाळा आणि कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा इथपर्यंत सगळं लावून द्यायचं. कंपनीच्या भाषेत याला रिलोकेशन म्हणत. मी स्वतः नवऱ्याच्या मागून आले होते. पहिले दोन हिवाळे घरात बसून काढले आणि डोकं फिरायच्या आत डच शिकून घेतलं. त्या शिकण्याचा हा मोबदला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकांना पूर्वाभिमुख दारच हवं होतं. इथे सहा-सहा महिने ऊन दिसत नाही, त्यामुळे पूर्व कुठे हे कोणालाच ठाऊक नसतं, या गोष्टीचा फायदा घ्यायचं मी ठरवलं होतं. त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं. डीमन नावाच्या गावातल्या एका कुटुंबाने आल्या दिवसापासून समोरच्या खोलीचे पडदे ओढून घेतले ते उघडलेच नाहीत. डच माणूस पडदे कधी ओढत नाही, रस्त्यावरून त्याच्या ताटातले बटाटे मोजता येतात. चौथ्या दिवशी शेजारीण फुलं घेऊन दारात उभी. घरात कोणी गेलं का, असं तिने हळू आवाजात विचारलं. घरातल्या बाईंनी फुलं ठेवून घेतली आणि मला फोन केला, "ताई, इथली माणसं किती चांगली हो!"

पण घरमालकांची खरी भीती एकच, ती म्हणजे वास. भारतीय भाडेकरू म्हटलं की त्यांना आधी भिंतींत मुरलेली फोडणी दिसे. खिडक्या बंद, आत तळण, भिंतींना ओल, ओलीवर बुरशी, अशी त्यांची साखळी होती. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. मी नव्या मंडळींना पहिल्याच दिवशी बजावायची: चुलीवरचा पंखा लावा, खिडकी उघडा, आणि घरमालकांच्या वाऱ्याला उभे राहू नका. जितके कमी दिसाल तितके बरे.

मंदार आणि पूर्वा यांनाही मी हेच सांगितलं होतं.

मंदार साताऱ्याचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा, स्वभावाने भिडस्त. पूर्वा त्याची बायको, येतानाच तीन महिन्यांची गरोदर. अशा जोडप्याला घर मिळणं कठीण. बाळ म्हटलं की रडणं आलं, कपडे वाळत घालणं आलं, आणि घरमालकांना ज्यांची सगळ्यात जास्त भीती ते आजी-आजोबा आले. मला शेवटी उइटहॉर्नमध्ये एक घर सापडलं. गाव छोटं, अॅम्स्टेलफेनच्या दक्षिणेला, बस बरी. खाली बाग आणि मालकीणबाई, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे गच्चीएवढी बाल्कनी.

मालकीण मेव्राऊ स्मित. मेव्राऊ म्हणजे आपलं 'बाई'. ऐंशीला टेकलेली, उंच, ताठ, जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेली विधवा. तिने मला स्वच्छ सांगितलं, "सहा महिन्यांचा करार. धूर, वास किंवा भिंतीला ओल दिसली तर पुढचा करार नाही. मी रागावणार नाही, भांडणार नाही. फक्त सही करणार नाही."

अशी माणसं मला आवडतात, पण त्यांच्याशी गाठ पडू नये असंही वाटतं. हिशेब साधा होता. करार संपणार तेव्हा बाळ जेमतेम आठवड्याचं असणार. सही झाली नाही तर ओली बाळंतीण आणि तान्हं मूल घेऊन ही माणसं जाणार कुठे? त्या वर्षी मी रिकाम्या घरासाठी इतकी वणवण करत होते की मला स्वप्नातही 'भाड्याने देणे आहे' ची पाटी दिसत नव्हती.

आता डच बाळंतपणाविषयी थोडं सांगायला हवं. इथे बाळंतीण म्हणजे आजारी बाई नव्हे. सगळं ठीक असेल तर बाळ झाल्यावर काही तासांत तिला दवाखान्यातून घरी पाठवतात. मग विम्यातर्फे एक शिकलेली बाई आठवडाभर रोज घरी येते. ती बाळाला न्हाऊ घालते, आईला तपासते, कपडे धुते, संडास घासते आणि पाहुण्यांना चहाही करून देते. या व्यवस्थेला क्रामझोर्ग म्हणतात. डच लोकांनी जगाला दिलेल्या गोष्टींत मी हिला पवनचक्कीच्या वर ठेवते. या बाईची अट एकच असते. बाळंतिणीचा पलंग कमरेइतका उंच हवा, म्हणजे वाकून तिची पाठ जाणार नाही. त्यासाठी पलंगाच्या पायांखाली ठोकळे मिळतात. मंदारने ते आणून बसवले. पूर्वाला चढायला स्टूल लागू लागलं.

बाळ होण्याच्या पंधरवडा आधी साताऱ्याहून पूर्वाच्या आई आल्या, माई. ठेंगण्या, चपळ, नऊवारी नसली तरी नऊवारीच्या तोऱ्यात वावरणाऱ्या. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. कस्टमवाल्याने ओव्याची पिशवी हुंगून परत दिली होती, यावरून त्यांचं त्याच्याविषयी चांगलं मत झालं होतं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगाभोवती फिरून खाली वाकून बघत होत्या.

"मंदारराव, ही बाज मुद्दाम उंच केलीय का हो?"

"हो माई. इथे बाळंतिणीसाठी करावीच लागते. नियमच आहे."

"बघा!" माई माझ्याकडे वळल्या. "उगाच बोलतात लोक यांना. शहाणी माणसं आहेत."

मी मान डोलावली. त्यांना नक्की काय शहाणपण दिसलं हे विचारायचं मला सुचलं नाही. मला दुपारी लायडनला एका संशोधकबाईंचं वॉशिंग मशीन जोडून घ्यायचं होतं.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवसापासून हेनी येऊ लागली. हेनी म्हणजे ती विम्याची बाई, पन्नाशीची, लालबुंद गालांची, सायकलवरून येणारी. आली की आधी खिडकी उघडायची. माई ती बंद करायच्या. हेनी धुणं लावून परत आली की पुन्हा उघडायची. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, मध्ये पूर्वा पडल्या पडल्या दुभाषाचं काम करत होती.

"तिला सांग, बाळंतिणीला वारा बाधतो. म्हातारपणी कंबर धरते."

पूर्वा इंग्रजीत सांगायची, "माय मदर इज अ लिटल कोल्ड."

मग हेनी माईंच्या अंगावर शाल टाकायची.

एका बाबतीत माईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. हेनी बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची पत्र्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवायची. "अगदीच अडाणी नाहीये," माई मला फोनवर म्हणाल्या. "शेक कळतो तिला. पण बाजेखाली शेगडी कधी ठेवणार, विचारा बरं. तीन दिवस झाले, नुसतीच उंच करून ठेवलीय."

मी गाडी चालवत होते. 'शेगडी' हा शब्द माझ्या डोक्यात पोचेपर्यंत फोन बंद झाला होता. मी पुढच्या वळणावर गाडी उइटहॉर्नकडे फिरवली.

पुढचं मला तिघींकडून तीन प्रकारे कळलं, ते जुळवून सांगते. मंदारने उन्हाळ्याच्या पहिल्या उबदार रविवारी, इथे नवा आलेला प्रत्येकजण करतो तशी, कोळशाची छोटी बार्बेक्यू शेगडी आणली होती. ती बाल्कनीत पडून होती. हेनी बाळाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात तिची नोंद लिहीत बसली असताना माईंनी बाल्कनीत कोळसे फुलवले, ते पत्र्याच्या पाटीत घेतले, वर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकली आणि पाटी पलंगाखाली सरकवली. खिडकी अर्थातच बंद केली. "बाज उंच होतीच," त्या नंतर म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच तर केली होती ना?"

छतावरचा धुराचा भोंगा वाजला. हेनी आत डोकावली, तर पलंग धुमसतो आहे आणि त्यावर बाळंतीण शांतपणे पडली आहे. तिने बाळ काखेत मारलं, दुसऱ्या हाताने पूर्वाला ओढून उठवलं आणि डच जिन्यावरून, जो शिडीचा सख्खा भाऊ असतो, दोघींना खाली नेऊन मेव्राऊ स्मितच्या दारावर लाथ मारली.

मी पोचले तेव्हा पूर्वा मालकीणबाईंच्या सोफ्यावर घोंगडीत गुंडाळलेली, बाळ मालकीणबाईंच्या मांडीवर झोपलेलं, हेनी पूर्वाची नाडी मोजत होती, आणि बागेत माई हातात धुमसती पाटी घेऊन उभ्या. ती कुठे ठेवायची, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या बागेला ओव्याचा वास सुटला होता. मंदार ऑफिसातून निघाला होता, म्हणजे त्याचा काही उपयोग नव्हता.

मी आधी पाटीत पाणी ओतलं. मग बंद खोलीत कोळसे पेटवले तर माणूस झोपेतच मरतो, हे माईंना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं की त्यांच्या सख्ख्या सुनेनेही कधी सांगितलं नसेल. त्यांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

हेनी म्हणाली, "इतकी वर्षं मी हे काम करते आहे. लोकांनी मासे धुरावलेले पाहिलेत. आई धुरावताना पहिल्यांदा पाहिली!"

"काय म्हणतेय?" माईंनी विचारलं.

"विचारतेय, शेगडी का ठेवली."

"मग बाज उंच कशाला केली म्हणावं तिला!"

हे मी भाषांतर केलं. हेनी म्हणाली, "माझ्या पाठीसाठी."

हे मी उलट भाषांतर केलं. माईंनी हेनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाळंतीण माझी लेक, आणि बाज हिच्या पाठीसाठी?"

मी मेव्राऊ स्मितकडे वळले. करार संपायला आठवडा राहिला होता. मी माफीचं लांबलचक डच वाक्य जुळवायला घेतलं. तिने हात वर केला.

"धुराचं नंतर बघू. माझ्या घरात मूल येऊन तीन दिवस झाले. वर रडतं ते ऐकू येतं. मला कोणी बेस्खाउट आणून दिलं नाही. मुलगी आहे की मुलगा, हे मला आत्ता कळलं."

बेस्खाउट म्हणजे गोल, कुरकुरीत टोस्ट. मूल झालं की त्यावर लोणी लावून वर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेच्या गोळ्या पेरतात, मुलगी असली तर गुलाबी, मुलगा असला तर निळ्या, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. मंदारला हे ठाऊक होतं, ऑफिसात त्याने बेस्खाउट वाटलंही होतं. पण मीच त्याला बजावलं होतं, मालकीणबाईंच्या समोर फार येऊ नकोस. तो इतका आज्ञाधारक निघाला की जिन्यावरून बूट हातात घेऊन जात असे.

मी माईंना सांगितलं, "या म्हणतायत, मूल झाल्याचं गोड यांना कोणी दिलं नाही."

माई पांढऱ्या पडल्या. शेगडीच्या वेळी इतक्या पडल्या नव्हत्या.

नेमका तेव्हाच मंदार धापा टाकत आत आला.

"मंदारराव," माई म्हणाल्या, "घरमालकीण खाली राहते, आणि तिला पेढा नाही दिला?"

"माई, आग... पूर्वा ठीक आहे ना?"

"पूर्वाला काय धाड भरलीय! मी साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा आणला तो काय कपाटाला नैवेद्य म्हणून? बाई काय म्हणेल, कसल्या घरातली माणसं!"

मेव्राऊ स्मितला शब्द कळले नाहीत, पण कोण कोणाला झापतंय आणि कशासाठी, हे नीट कळलं. ती प्रथमच थोडी हसली. जावयाला एकटं पाडून दोन म्हाताऱ्या एका बाजूला झाल्या होत्या. माईंनी वरून पुडा आणला आणि बागेतल्या भिजलेल्या कोळशांच्या साक्षीने मालकीणबाईंना पेढा दिला. तिने तो सावकाश चावला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "तुम्ही मिठाईसुद्धा धुरावता का?"

"करार?" मी विचारलं. मला दम धरवत नव्हता.

"गुरुवारी अकरा वाजता," तिने डायरी उघडून बघितलं. "बेस्खाउट घेऊन या. आजीलाही आणा."

गुरुवारी अकरा वाजता आम्ही खाली गेलो. मंदार ताट घेऊन, पूर्वा बाळ घेऊन, हेनी आपण होऊन, आणि माई काठापदराची साडी नेसून. माईंनी टोस्टवरची गुलाबी गोळी फोडून बघितली.

"अगं, ही तर बडीशेप! बाळंतिणीला दुधासाठी?"

मी हेनीला विचारलं. हेनी म्हणाली, जुन्या बायका तसंच म्हणायच्या. माईंनी तिच्याकडे समाधानाने पाहिलं. या गोळ्यांना डच लोक 'छोटे उंदीर' म्हणतात, हे मी माईंना सांगितलं नाही. टोस्टचा त्यांच्या साडीवर भुगा झाला. "तुपावर परतला असता तर बरा लागला असता," त्या म्हणाल्या. मी मालकीणबाईंना सांगितलं, त्यांना फार आवडलं.

मग मेव्राऊ स्मितने करार टेबलावर ठेवला. वर पेन ठेवलं. पेन उचललं नाही.

"शेगडी घरात पुन्हा नाही, हे वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट. मी वर जाऊन आले. काच घामेजली आहे, खिडकीखालची भिंत ओली लागते. खिडकी रोज उघडली नाही तर हिवाळ्यापर्यंत बुरशी धरेल. मला शब्द हवा."

"हो, हो, नक्की," मंदार म्हणाला.

"तुझा नको. तू दिवसभर बाहेर असतोस. घर ही चालवते." तिने माईंकडे बोट दाखवलं.

मी माईंना समजावलं. माईंनी हाताची घडी घातली.

"शेगडी गेली, चालेल. पिशवीने शेकीन. पण दहा दिवसांच्या बाळंतिणीला वाऱ्यात ठेवायची नाही. आपण दुसरं घर बघू."

"आई, दुसरं घर नाहीये!" पूर्वाला रडू फुटलं. मंदारने माझ्याकडे बघितलं. मी हेनीकडे बघितलं. हेनीने आणखी एक टोस्ट घेतला.

माई मात्र मालकीणबाईंकडे बघत होत्या. "ताई, विचारा तिला. तिला मुलं किती?"

"तीन," मेव्राऊ स्मित म्हणाली. "सगळी याच घरात झाली."

"तेव्हा खिडकी?"

"उघडी. थंडीतसुद्धा. रोज."

माई उठल्या. मालकीणबाईंच्या खुर्चीभोवती, पलंगाभोवती फिरल्या होत्या तशाच, एक फेरी मारली. ताठ मान बघितली, ताठ पाठ बघितली.

"विचारा, कंबर धरते का? सांधे? उठताबसता कळ?"

मी विचारलं. ऐंशीला टेकलेली ती बाई माईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "कधीच नाही. एक दिवससुद्धा नाही."

साताऱ्याच्या चार पिढ्यांनी बंद ठेवलेल्या खिडक्या माईंच्या डोक्यात एकेक करून उघडत असाव्यात.

"अर्धी," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि बाळाच्या कानाला टोपडं."

मेव्राऊ स्मितने पेन उचललं आणि सही केली. दोन वर्षांसाठी.

मंडळी वर गेली. मी कागद पिशवीत भरत मागे राहिले. मालकीणबाई मला दारापर्यंत पोचवायला निघाली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, ओठ घट्ट मिटून, दोन टप्प्यांत उठली.

"दोन्ही खुबे प्लॅस्टिकचे आहेत," ती मला डचमध्ये म्हणाली. "याचं भाषांतर करायची गरज नाही."

वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी भाषांतर केलं नाही.